नाणें नाकारण्याचा अधिकार कोणाचा?

गेल्या आठ-दहा वर्षांत आपल्या बाजाराचें रूप किती पालटलें आहे, हें निराळें सांगावयास नको. घाटंजीसारख्या तालुक्याच्या गांवींहि आज किराणा दुकानापासून भाजीच्या हातगाडीपर्यंत जिकडेतिकडे चौकोनी ठिपक्यांचा क्यूआर कोड लावलेला दिसतो. गिऱ्हाईक आपला मोबाईल त्यापुढें धरतें, दुकानांतील लहानशी पेटी पैसे पोंचल्याची वर्दी देते आणि व्यवहार पुरा होतो. यूपीआय ही पद्धति २०१६ सालच्या एप्रिलांत अस्तित्वांत आली. २०२३ च्या ऑगस्टांत तिच्या द्वारें एका महिन्यांत एक हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. ही सोय उत्तम आहे, याविषयीं प्रस्तुत लेखकाचें दुमत नाहीं. प्रश्न त्यापुढचा आहे. मोठ्या शहरांतील कांहीं दुकानें व उपाहारगृहें 'रोख पैसे घेतले जाणार नाहींत' असें गिऱ्हाइकास बजावूं लागलीं आहेत, आणि हीच प्रगतीची पुढची पायरी होय असें म्हणणारे सुशिक्षित लोकहि भेटतात. तेव्हां दुकानदारांनीं रोकड घेणें अजिबात बंद करावें काय, याचा विचार शांतपणें झाला पाहिजे.

प्रथम पूर्वपक्ष मांडूं. रोकडीचा व्याप मोठा असतो, हें कोणीहि दुकानदार सांगेल. सुट्या पैशांची चणचण, रात्रीं गल्ला मोजण्याचा शीण, खोट्या नोटेचें भय, चोरीची धास्ती, बँकेंत भरणा करण्यासाठीं मोडणारा वेळ, हें सर्व नव्या पद्धतींत टळतें. शिवाय खात्यांतून झालेल्या व्यवहाराची नोंद आपोआप राहते. ती दाखवून लहान दुकानदारालाहि कर्ज मागतां येतें, आणि कर चुकविणें अवघड होतें. पूर्वीं कार्डाच्या यंत्रावरील प्रत्येक विक्रीमागें दुकानदारास बँकेचा कांहीं आकार सोसावा लागे. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय व रुपे डेबिट कार्ड यांवरील तो आकार रद्द झाल्यामुळें तीहि तक्रार मावळली. हे सर्व मुद्दे खरे आहेत. परंतु त्यांवरून सिद्ध होतें तें एवढेंच कीं, दुकानदारानें नवी पद्धति स्वीकारावी. त्यानें जुनी नाकारावी, हें त्यांतून निष्पन्न होत नाहीं.

आतां उत्तरपक्ष. 'रुपया' हा शब्दच पाहा. त्याचें मूळ संस्कृत 'रूप्य' या शब्दांत आहे, आणि पाणिनीनें हा शब्द ज्या अर्थीं साधला आहे, त्यांत 'ज्यावर ठसा उमटविला आहे तें' हा अर्थ येतो. म्हणजे धातूच्या तुकड्यास नाणेंपण येतें तें ठशामुळें, आणि तो ठसा राजसत्तेचा असतो. म्हणूनच आपल्या स्मृतिकारांनीं नाण्याच्या पारखीची बाब हलकी मानिली नाहीं. खऱ्या नाण्यास खोटें किंवा खोट्यास खरें ठरविणाऱ्या नाणेपारख्यास याज्ञवल्क्यस्मृतीनें उत्तमसाहस, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीचा दंड, सांगितला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत लोकव्यवहारांतील आणि राजकोशांत घ्यावयाच्या चलनाची व्यवस्था पाहण्यास 'रूपदर्शक' नांवाचा स्वतंत्र अधिकारी आहे. राजमुद्रांकित नाणें चालेल कीं नाहीं, हें कोणा एकाच्या मर्जीवर सोडावयाचें नाहीं, हा विचार आपल्याकडे इतका जुना आहे.

आजचा कायदाहि याच तत्त्वावर उभा आहे. १९३४ च्या रिझर्व्ह बँक कायद्याच्या २६ व्या कलमान्वयें बँकेची नोट भारतांत कोठेंहि वैध चलन ठरते. २०११ च्या नाणेकायद्याप्रमाणें एक रुपया व त्यावरील नाणीं एक हजार रुपयांपर्यंतच्या रकमेस वैध आहेत. काळ्या पैशाचें कारण पुढें करणाऱ्यांनीं हेंहि ध्यानांत घ्यावें कीं, दोन लाख किंवा त्याहून अधिक रुपये रोखीनें स्वीकारण्यास १ एप्रिल २०१७ पासून मनाई आहे. मोठ्या रोख व्यवहारांस लगाम घालण्याचें साधन असें हातीं असतां, पावशेर तेल नेणाऱ्याची पन्नासाची नोट परत करण्याचें प्रयोजन काय?

मात्र कायद्यांत एक फट राहते. वैध चलन म्हणजे देणें फेडण्यास वैध. माल हातीं देण्यापूर्वींच दुकानदारानें रोख न घेण्याची अट घातली, तर देणें मुळीं उत्पन्नच झालें नाहीं, असा वाद त्यास घालतां येतो. या फटीचा परिणाम किती लांब जाऊं शकतो, हें दहा रुपयांच्या नाण्यानें दाखविलें आहे. तें बनावट असल्याची अफवा उठली आणि अनेक बाजारांत तें कोणी घेईनासें झालें. रिझर्व्ह बँकेनें २०१६ च्या नोव्हेंबरांत खुलासा केला. पुढें १७ जानेवारी २०१८ रोजीं या नाण्याचे चौदाहि नमुने वैध असल्याचें पुन्हा जाहीर केलें. तरी नकार पुष्कळ दिवस चालूच राहिला. तें नाणें शेवटीं पडून राहिलें कोणाजवळ? ज्याला 'दुसऱ्या दुकानीं जातों' असें म्हणण्याची सोय नाहीं, त्याजजवळ.

आमच्या तालुक्यापुरतें पाहिलें, तर अशी सोय नसलेलीं माणसें थोडींथोडकीं नाहींत. कापसाच्या हंगामांत वेचणीची मजुरी किलोच्या हिशेबानें ठरते आणि ती बाजाराच्या सुमारास रोख हातीं पडते. त्याच पैशांतून आठवड्याचें तेल-मीठ येतें. कोलाम ही आदिम जमात या जिल्ह्यांत पोडांवर राहते. पोडावरची एखादी वृद्धा औषधाच्या दुकानीं येते, तेव्हां तिच्या पदराच्या गांठीस दोन-चार नोटा असतात. मोबाईल असला तर घरांत एकच, आणि तो मुलाबरोबर रानांत गेलेला. साध्या फोनवरून चालणारी यूपीआयची सोय २०२२ च्या मार्चमध्यें निघाली, ही चांगली गोष्ट झाली. तथापि फोन, बँकेचें खातें, गुप्त आंकडा आणि रेंज, या चारहि गोष्टी एकाच वेळीं एका हातांत असाव्या लागतात. त्यांतील एक चुकली कीं औषध राहिलें.

हें केवळ रानावनांतील लोकांपुरतें आहे, असें मात्र समजूं नये. २६ मार्च व १२ एप्रिल २०२५ या दोन दिवशीं यूपीआयच्याच यंत्रणेंत बिघाड झाला आणि देशभर व्यवहार अडले. त्या वेळीं खात्यांत लाख रुपये असलेला आणि खिशांत दमडी नसलेला गृहस्थ एकाच रांगेंत उभे होते. ज्या दुकानांत रोकड चालत होती, तेथें विक्री चालू राहिली.

याची दुसरी बाजू आपल्या माजघरांत आहे. एकत्र कुटुंबांत खातें बहुधा यजमानांच्या नांवें, आणि फोनवरचे व्यवहार मुलाच्या हातीं. आपल्या शास्त्रकारांनीं स्त्रीधन ही वस्तु निराळी मानिली, ती स्त्रीच्या हातीं स्वतःचें असें कांहीं असावें म्हणून. डाळीच्या डब्यांत किंवा लुगड्याच्या घडींत ठेवलेली चार पैशांची पुंजी हें तिचें सर्वांत साधें रूप. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्रीं पांचशें व हजाराच्या नोटा रद्द झाल्या आणि ती पुंजी कित्येक घरांत एका दिवसांत उघडी पडली. अडीच लाखांपर्यंतच्या ठेवीबद्दल गृहिणींस विचारणा होणार नाहीं, असें सरकारनें आश्वासन दिलें; पण घरांतल्यांनीं विचारूं नये, असा हुकूम कोण काढणार? रोकड अजिबात गेली, तर सुनेनें माहेरच्या धाकट्या भावास काय दिलें, आजीनें कोणत्या नातवाच्या हातावर किती ठेवले, हें सर्व कोणाच्या तरी पडद्यावर उमटेल. तें उमटावें कीं नाहीं, हें त्या दोघींनीं ठरवावें. दुकानदाराच्या नियमानें तें ठरूं नये.

त्या वर्षींचा अनुभव आणखी एका दृष्टीनें उद्बोधक आहे. रद्द झालेल्या नोटा चलनाच्या मूल्यांत शेंकडा ८६ होत्या. १४ नोव्हेंबर रोजीं जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना त्या स्वीकारण्यास मनाई झाली, आणि शेतकऱ्याचें जें जवळचें दार तेंच लागलें. त्याच सुमारास, १ डिसेंबर २०१६ रोजीं, ठाणें जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यांतील धसई हें गांव महाराष्ट्रांतील पहिलें रोकडरहित गांव म्हणून गाजलें. दुकानांतून कार्डाचीं यंत्रें बसलीं. परंतु पुढें तेथील बाजार बहुतांशीं रोकडीकडे परतल्याचें वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झालें. धसईच्या मागून यूपीआय कोणी न सांगतां गांवोगांव पसरलें, कारण लोकांस तें सोयीचें वाटलें. समारंभानें जें साधलें नाहीं, तें सोयीनें साधलें. आणि इतकें होऊनहि रोकड आटली नाहीं. मार्च २०१६ अखेर देशांत सुमारें १६.४ लाख कोटी रुपयांच्या नोटा खेळत होत्या; मार्च २०२४ अखेर त्यांचें मूल्य ३४.८ लाख कोटींच्या घरांत गेलें. लोकांस दोन्ही साधनें हवीं आहेत, असाच याचा अर्थ लागतो.

परदेशांकडे पाहावें, तर युरोपांतील पहिल्या नोटा १६६१ सालीं ज्या स्वीडनमध्यें निघाल्या, तोच देश आज रोकड सोडण्यांत सर्वांच्या पुढें आहे. त्याच देशाच्या सरकारनें २०२४ च्या नोव्हेंबरांत घरोघर पुस्तिका धाडून, संकटकाळासाठीं निदान आठवडाभर पुरेल इतकी रोख रक्कम घरीं ठेवावी, असें सुचविलें. शेजारच्या नॉर्वेनें १ ऑक्टोबर २०२४ पासून दुकानांत रोख पैसे देण्याचा ग्राहकाचा हक्क कायद्यानें अधिक पक्का केला, आणि त्यास रकमेची मर्यादाहि घातली. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स राज्यानें किरकोळ दुकानांस रोकड नाकारण्याची मनाई १९७८ सालींच केली; न्यूयॉर्क शहरानें २०२० मध्यें तोच मार्ग धरला. पुढारलेले म्हणविणारे देश ज्या वाटेनें जाऊन मागें वळत आहेत, ती वाट आपण नव्यानें चोखाळावी, यांत शहाणपण नाहीं.

प्रस्तुत लेखकाची सूचना थोडक्यांत अशी. किराणा, औषधें, दूध, भाजीपाला, एस.टी. आणि दवाखाना या नित्याच्या गरजांच्या ठिकाणीं एका ठराविक रकमेपर्यंत रोकड नाकारतां येऊं नये, असा स्पष्ट नियम सरकारनें करावा. मर्यादा घालणें अवघड नाहीं. महावितरणनें १ ऑगस्ट २०२३ पासून रोख वीजबिलास दरमहा पांच हजार रुपयांची मर्यादा घातली. मोठी रक्कम खात्यांतून, लहान रोखीनें, असा तो मध्यम मार्ग आहे. सराफाकडील वा मोटारीच्या दुकानांतील व्यवहारांस हा नियम लागू करण्याचें कारण नाहीं.

नियम होईल तेव्हां होईल. आपल्या हातीं आहे तेवढें आपण करावें. घरांतील प्रत्येक प्रौढ स्त्रीचें स्वतःच्या नांवें खातें असावें आणि तें तिचें तिला चालवितां यावें. पैसे मिळण्यासाठीं गुप्त आंकडा कधींच द्यावा लागत नाहीं, ही एक गोष्ट वडीलधाऱ्यांस नीट समजावून द्यावी. फसगत झाल्यास विलंब न लावतां १९३० या क्रमांकावर कळवावें. आठवड्याच्या खर्चापुरत्या लहान नोटा घरांत असूं द्याव्या. मुलांच्या हातीं अधूनमधून नाणीं देऊन दुकानीं पाठवावें. दहा रुपयांतून साडेसात गेले तर किती उरतात, हें फोन शिकवीत नाहीं. आणि आपल्यापैकीं ज्यांचीं दुकानें आहेत, त्यांनीं क्यूआर कोड अवश्य लावावा, पण गल्ल्याचें झाकणहि उघडें ठेवावें. समोर उभ्या असलेल्या माणसाच्या हातांतली नोट खरी असेल, तर तिच्यावरील वचन आपल्यावरहि बंधनकारक आहे, असें त्यांनीं मानावें.