गोंगाट करणाऱ्यांचा चोख हिशेब

नोव्हेंबर 1980 मध्ये वॉशिंग्टन डीसीतला ‘टीन आयडल्स’ हा पंक बँड मोडला. सगळी विशीच्या आतली पोरं. कार्यक्रमांतून मिळालेले 600 च्या आसपास डॉलर त्यांनी सिगारच्या डब्यात साठवले होते. ते वाटून घ्यायचे की रेकॉर्ड काढायची? रेकॉर्डच काढायची, असं ठरलं. मोडलेल्या बँडवर कुठली कंपनी पैसे लावणार! तेव्हा ईअन मकाय, जेफ नेल्सन आणि नेथन स्ट्रेजेक यांनी स्वतःचंच लेबल काढलं, ‘डिस्कॉर्ड’.

गाणी डॉन झिएंटारा यांच्या घराच्या तळघरातल्या ‘इनर इअर’ स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाली होती. आठ गाण्यांच्या सात इंची रेकॉर्डच्या 1000 प्रती निघाल्या. पाकीट कसं बनवतात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मग दुसऱ्या एका रेकॉर्डचं पाकीट उकलून त्याचा साचा काढला आणि कात्री-गोंद घेऊन पोरं कामाला बसली. मुखपृष्ठावर फुलीचं चिन्ह काढलेले दोन हात होते. बारमध्ये अल्पवयीनांना दारू मिळू नये, पण गाणं ऐकता यावं, म्हणून सॅन फ्रान्सिस्कोच्या एका क्लबात हातावर अशी फुली मारत. पोरांनी ती युक्ती डीसीत आणली.

मकाय आणि नेल्सन यांच्या पुढच्या ‘मायनर थ्रेट’ बँडने ‘स्ट्रेट एज’ हे मिनिटभरही न चालणारं गाणं केलं आणि दारू-ड्रग्ज नाकारणाऱ्या तरुणांच्या पंथाला नाव मिळालं. मकायला पंथ काढायचा नव्हता. तो मात्र निघाला.

लेबलचे नियम मोजके. फक्त डीसी परिसरातले बँड. लेखी करार नाही. खर्च वजा जाता नफ्याची वाटणी. टपालखर्चासह किंमत पाकिटावरच छापलेली, म्हणजे दुकानदाराने जास्त मागितले तर गिऱ्हाइकाला ते लगेच कळावं. कारभार आर्लिंग्टनमधल्या एका भाड्याच्या घरातून चाले. बंडखोरीच्या गप्पा त्या काळी सगळेच मारत. वेळच्या वेळी हिशेब देणारी बंडखोरी दुर्मीळ होती, आणि ‘डिस्कॉर्ड’चं खरं वेगळेपण तिथंच आहे. आपल्याच गावापुरतं राहण्याचा हट्ट कुणाला कोतेपणा वाटेल, पण त्यामुळेच एका शहराचा आवाज सलग जपला गेला.

1990 च्या दशकात मोठ्या कंपन्या पंक बँडच्या मागे लागल्या. मकायचा ‘फुगाझी’ जागचा हलला नाही. तिकीट पाच डॉलरच्या आसपासच ठेवण्याचा त्यांचा आग्रह होता. ‘डिस्कॉर्ड’चाच ‘जॉबॉक्स’ हा बँड मात्र अटलांटिक रेकॉर्ड्सकडे गेला. करारच नसल्याने अडवण्याचा प्रश्न नव्हता. तिथं 1994 साली निघालेला त्यांचा अल्बम 2009 मध्ये पुन्हा बाजारात आला, तो बँडच्या सदस्यांचं ‘डीसोटो’ आणि ‘डिस्कॉर्ड’ या दोन लेबलांनी मिळून काढलेला होता.