भावनांची भाषा उमगत नाही तेव्हा
स्वमग्न तरुणांच्या एका अडचणीविषयी

वार्षिक अहवाल म्हटला की जमाखर्च, नवी यंत्रसामग्री आणि रुग्णसंख्येचे तक्ते हे ओघाने आलेच. त्यांच्या जोडीला एखाद्या वैद्यकीय विषयाची सर्वसामान्य वाचकांस समजेल अशी माहिती द्यावी, हाही आमचा प्रघात आहे. यंदा आम्ही जो विषय निवडला आहे, तो क्ष-किरणाच्या फिल्मवर दिसत नाही आणि रक्ताच्या तपासणीतही सापडत नाही. आम्ही स्वतः वाणिज्य शाखेचे. वैद्यकशास्त्राचा अधिकार आमच्याकडे नाही. मानसोपचार विभागातील सहकाऱ्यांनी जे समजावून सांगितले, ते येथे साध्या शब्दांत मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

हा विषय निवडण्याचे कारण हिशेबाच्या टेबलावरच मिळाले. सोळा ते पंचवीस वयोगटातील काही रुग्णांचे केसपेपर एका विभागातून दुसऱ्या विभागात फिरत राहतात. तक्रार पोटदुखीची असते, कधी डोकेदुखीची, कधी झोप न लागण्याची. सोनोग्राफी होते, एंडोस्कोपी होते, सर्व अहवाल निर्दोष येतात. कुटुंबाचा पैसा खर्च होतो, रजा संपतात, आणि अखेरीस कोणीतरी म्हणते, "मुलगा नाटक करतो." अशा रुग्णांपैकी काहींच्या बाबतीत मूळ अडचण निराळीच असते. स्वतःच्या मनात काय चालले आहे ते त्यांना ओळखता येत नाही आणि समोरच्याच्या मनात काय आहे याचा अंदाज बांधता येत नाही.

स्वमग्नता म्हणजे काय?

या अवस्थेस इंग्रजीत ऑटिझम आणि मराठीत स्वमग्नता म्हणतात. डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अमेरिकेत अशा अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी, १९४४ साली, व्हिएन्ना येथील डॉ. हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी बोलण्यात व बुद्धीत चांगल्या, परंतु इतरांत न मिसळणाऱ्या मुलांविषयी लिहिले. १९८१ साली ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ डॉ. लॉर्ना विंग यांनी हे दुसरे वर्णन इंग्रजी वाचकांपुढे आणले. त्या स्वतः एका स्वमग्न मुलीच्या आई होत्या. २०१३ सालापासून अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने निरनिराळी नावे बाजूस ठेवून या सर्वांस 'स्वमग्नता वर्णपट' असे एकच नाव दिले. इंद्रधनुष्यात जशा अनेक छटा असतात तशाच या अवस्थेतही असतात, हा त्यामागील आशय होय. काहींना शब्द बोलणेही कठीण जाते, तर काही अभियांत्रिकीच्या परीक्षा उत्तम गुणांनी उत्तीर्ण होतात.

या दुसऱ्या प्रकारच्या तरुणांकडे लहानपणी कोणाचे लक्ष जात नाही. गुण चांगले असतात, खोडकरपणा नसतो. "अबोल आहे, पण हुशार आहे," असे म्हणून शाळेची वर्षे निघून जातात. महाविद्यालयात मात्र चित्र पालटते. तेथे वेळापत्रक सैल असते, गटाने प्रकल्प करावे लागतात, थट्टामस्करी चालते. मैत्रीचे नियम कोणी फळ्यावर लिहून देत नाही. मुलींच्या बाबतीत निदान अधिकच लांबते. इतर मुलींचे पाहून हसणे-बोलणे उचलण्याची खटपट त्या दिवसभर करतात आणि घरी आल्यावर पार गळून जातात.

ही अवस्था आईवडिलांच्या लाडाने अथवा धाकाने उद्भवत नाही, हे येथे ठामपणे सांगितले पाहिजे. आईच्या थंडपणाला दोष देणारी एक उपपत्ती विसाव्या शतकाच्या मध्यास प्रचलित होती. ती केव्हाच त्याज्य ठरली आहे. लसीकरणाशी संबंध जोडणारा १९९८ सालचा शोधनिबंधही संबंधित नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला. मेंदूची जडणघडण जन्मापूर्वीपासूनच वेगळ्या रीतीने होत असते आणि तीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो.

शरीर सांगते, शब्द सापडत नाही

आपल्या भाषेत भावनांचा पत्ता शरीरात असतो. भीतीने पोटात गोळा येतो, दुःखाने घशाशी आवंढा येतो, रागाने कानशिले तापतात. बहुतेकांना पोटातील गोळा आणि मनातील भीती यांचा संबंध आपोआप कळतो. काहींना तो कळत नाही. गोळा जाणवतो, पण त्याचे नाव 'भीती' आहे हे उमगत नाही. म्हणून तो तरुण "पोट दुखते" एवढेच सांगतो. त्यात खोटे काही नसते. जे जाणवते ते तो प्रामाणिकपणे सांगत असतो.

भावनांना नाव देता न येण्याच्या या अडचणीस अ‍ॅलेक्सिथायमिया अशी संज्ञा आहे. ती डॉ. पीटर सिफ्निऑस यांनी १९७०च्या दशकात रूढ केली. ग्रीक भाषेतील या शब्दाचा अर्थ 'भावनेसाठी शब्द नसणे' असा होतो. ही अडचण स्वमग्न नसलेल्या माणसांतही आढळते, आणि प्रत्येक स्वमग्न व्यक्तीत ती असतेच असे नाही. तथापि स्वमग्न व्यक्तींपैकी सुमारे निम्म्यांत ती आढळते, असे अनेक अभ्यासांचा एकत्रित विचार करता दिसून आले आहे.

समजुतीसाठी एक उदाहरण घेऊ. घरात आजोबांचे निधन होते. सारे रडत असतात आणि एकोणीस वर्षांचा नातू नेहमीच्या वेळी विचारतो, "चहा कधी होणार?" आत्या म्हणतात, "दगड आहे हा!" मात्र चौदाव्या दिवसापासून त्याची झोप उडते, जेवण तुटते, आजोबांच्या खुर्चीत दुसरे कोणी बसले की तो ओरडतो. शोक त्यालाही झालेला असतो. तो डोळ्यांवाटे आला नाही, आणि त्याला काय झाले आहे हे त्यालाच कोणी सांगितलेले नसते. चहाची वेळ ही त्या विस्कटलेल्या घरात त्याला धरून राहण्याजोगी एकमेव गोष्ट होती.

दुसऱ्याचे मन वाचण्याची कसरत

१९८५ साली सायमन बॅरन-कोहेन, अ‍ॅलन लेस्ली आणि उटा फ्रिथ या संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. सॅली नावाची बाहुली आपली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते. तिच्या माघारी अ‍ॅन ती गोटी पेटीत लपवते. परत आल्यावर सॅली गोटी कोठे शोधेल? अर्थातच टोपलीत, कारण तिला बदल ठाऊक नाही. प्रयोगातील २० स्वमग्न मुलांपैकी १६ मुलांनी मात्र पेटीकडे बोट दाखवले. आपल्याला जे माहीत आहे ते दुसऱ्याला माहीत नसेल, हे ताडणे त्यांना जड गेले. वय वाढल्यावर अनेकांना हे कोडे सुटते. परंतु ते हिशेब मांडून सोडवावे लागते, सहज सुटत नाही.

आपले रोजचे बोलणे अशा कोड्यांनी भरलेले असते. आपण घराबाहेर पडताना "येतो" म्हणतो. दुकानदार "बघू" म्हणाला की तो नकार असतो. "या हं एकदा घरी" हे निमंत्रण असतेच असे नाही. शब्दशः अर्थ घेणारा तरुण खरोखरच दुसऱ्या दिवशी दारात उभा राहतो आणि यजमानांच्या चेहऱ्यावरील अवघडलेपण त्याला दिसत नाही. मग लोक त्याला टाळू लागतात. का टाळतात, हे त्याला कळत नाही. हे वारंवार घडले की तो स्वतःच माणसे टाळू लागतो.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली असे प्रतिपादन केले की, हा न समजण्याचा व्यवहार दुहेरी आहे. स्वमग्न व्यक्तीला इतरांचे मन कळत नाही, तसेच इतरांनाही तिचे मन कळत नाही. वरील उदाहरणातील आत्यांना नातवाचा शोक कोठे दिसला? तेव्हा शिकण्याची जबाबदारी एकट्या तरुणावर टाकून भागणार नाही.

दुर्लक्षाची किंमत

स्वमग्नता हा बरा करावयाचा रोग नव्हे, आणि तिच्या मूळ लक्षणांवर औषध नाही. परंतु तिच्याभोवती साचणारे एकटेपण, चिंता आणि नैराश्य यांवर उपचार आहेत. त्यांकडे दुर्लक्ष होणे धोक्याचे असते. स्वमग्न प्रौढांत आत्महत्येचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक असल्याचे अभ्यासांत आढळले आहे. ज्याला "मला फार वाईट वाटते" हे वाक्यच सापडत नाही, तो मदत मागणार कशी? म्हणूनच खाणे, झोप अथवा दिनक्रम यांत अचानक बदल दिसल्यास कुटुंबाने त्याला आळस वा हट्ट न समजता डॉक्टरांकडे यावे. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.

उपचार आणि घरचा वाटा

रुग्णालयात प्रथम शारीरिक कारणे तपासली जातात. त्यानंतर मानसोपचारतज्ज्ञ व चिकित्सा मानसशास्त्रज्ञ तरुणाशी आणि पालकांशी स्वतंत्रपणे बोलतात. बालपणीचा इतिहास बारकाईने विचारला जातो. निदानास तीन-चार भेटी लागू शकतात. पुढील कामात भावनांची ओळख शरीरापासून सुरू होते. छाती केव्हा धडधडली, त्याआधी काय घडले, धडधड शून्य ते दहा यांपैकी किती, अशी रोजची नोंदवही ठेवावयास सांगतात. चार-सहा आठवड्यांच्या नोंदींत एक नमुना दिसू लागतो. खतावणीवाचून व्यवहाराचे स्वरूप कळत नाही, हे आमच्यासारख्याला सहज पटावे. त्याखेरीज छोट्या गटांत संभाषणाचा सराव होतो आणि पालकांचेही मार्गदर्शन होते.

घरच्या मंडळींनी पुढील गोष्टी पाळाव्यात, असे तज्ज्ञ सुचवितात. बोलणे सरळ असावे. "जरा समजून घे" याऐवजी नेमके काय करावयाचे ते सांगावे. आपली भावना शब्दांत सांगावी : "मी दमले आहे, तुझ्यावर रागावलेले नाही." बदलाची पूर्वसूचना द्यावी. नजरेला नजर देण्याची सक्ती करू नये. खाली पाहूनही माणूस ऐकत असतो. "कसे वाटते?" या प्रश्नाला उत्तर न मिळाल्यास "शरीरात कोठे काय होते?" असे विचारून पाहावे.

कायद्याचा आधार

१९९९ सालच्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्न व्यक्तींना प्रथम स्वतंत्र स्थान दिले. या कायद्याखालील स्थानिक स्तर समिती अठरा वर्षांवरील व्यक्तीसाठी, गरज असल्यास, कायदेशीर पालक नेमू शकते. तसेच 'निरामय' योजनेतून एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते. २०१६ सालच्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. प्रमाणित दिव्यांगत्व ४० टक्के वा अधिक असल्यास उच्च शिक्षणात व शासकीय नोकऱ्यांत आरक्षणाची तरतूद आहे. "प्रमाणपत्र घेतले तर शिक्का बसेल," ही भीती पालक आमच्यापाशी बोलून दाखवितात. ती समजण्याजोगी आहे. परंतु "आमच्या पश्चात याचे काय?" हा त्यांचाच दुसरा प्रश्न अधिक मोठा आहे, आणि त्याच्या उत्तराची एक वाट या कागदांमधून जाते.

देणगीदारांस विनंती

धर्मादाय रुग्णालयांस लागू असलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवाव्या लागतात. आम्ही ते कर्तव्य मानतो. परंतु या लेखातील तरुण खाटेवर दाखल होत नाही. तो दर आठवड्यास तासभर येतो, कित्येक महिने येतो, आणि त्याच्या उपचारात यंत्रापेक्षा माणसाचा वेळ अधिक लागतो. शस्त्रक्रियागृहास दिलेल्या देणगीची कोनशिला बसते. समुपदेशनाच्या तासांची बसत नाही. तरीही त्या तासांचे वेतन कोणीतरी द्यावेच लागते. गरजू कुटुंबातील तरुणाचे उपचार पैशाअभावी मध्येच थांबू नयेत, एवढ्याचसाठी आम्ही आपल्यापुढे हात पसरीत आहोत.

विश्वस्तांनी आणि देणगीदारांनी आजवर या संस्थेवर जो लोभ केला, तो या न दिसणाऱ्या कामाच्या वाट्यासही यावा, ही नम्र विनंती. आणि ज्या घरांत असा अबोल मुलगा वा मुलगी आहे, त्या घरच्या मंडळींस एवढेच सांगणे आहे : त्याच्या ठायी माया नाही असे समजू नका. ती सांगण्याची त्याची रीत वेगळी आहे, आणि ती शिकता येण्याजोगी आहे.