न खाता येणाऱ्या खाऊचं दुकान

मंडळी, दुकानात शिरावं, काचेच्या कपाटात केक मांडलेले दिसावेत, तोंडाला पाणी सुटावं. आणि हात लावून पाहावं तो सगळा माल दगडासारखा टणक! असं एक दुकान खरोखरच होतं, बरं का. अमेरिकेत, न्यूयॉर्क शहरी, ईस्ट सेकंड स्ट्रीटवरच्या एका गाळ्यात ते डिसेंबर १९६१ मध्ये उघडलं. दुकानदार होता क्लेस ओल्डेनबर्ग (१९२९–२०२२) हा कलावंत.

मागच्या खोल्यांत तो माल घडवी आणि पुढे विकी. कृती साधी. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली तारेची जाळी वाकवून आकार द्यायचा, प्लास्टरमध्ये भिजवलेलं मलमलीचं कापड तिच्यावर चढवायचं आणि वाळलं की भडक रंग ओतायचे. सदरे, बूट, सँडविच, मिठाई, जे आसपासच्या दुकानांत मिळे तेच इथे; पण खडबडीत, वेडंवाकडं. किमतीही डॉलर आणि सुट्या सेंटांत लावलेल्या! पुढे १९६२ मध्ये याच गाळ्यात त्याने नाट्यप्रयोगही केले.

कुणी म्हणेल, हा काय पोरखेळ? पण असं पाहा. केक खाता येत नाही, सदरा अंगात घालता येत नाही. वस्तूचा उपयोग गेला, मग उरलं काय? रंग, मांडणी आणि किंमत. तरीही मन लोभावतंच! म्हणजे दुकानातून आपण पुष्कळदा वस्तूबरोबर, किंवा वस्तूऐवजी, तिची भूलच घरी आणतो. दुसरा चिमटा कलेच्या बाजाराला आहे. दालनात गंभीर चेहऱ्याने विकलं जाणारं शिल्प हाही शेवटी मालच, हे त्याने उघडपणे मांडलं.

१९६२ मध्येच त्याने कापडाचा, सुमारे नऊ फूट लांबीचा केकचा तुकडा जमिनीवर ठेवला. १९७६ साली फिलाडेल्फियात कपडे वाळत घालायचा चिमटा पंचेचाळीस फूट उंच उभा केला. रोजची वस्तू अवाढव्य झाली की तिचं आपल्यावरचं राज्य दिसू लागतं.

गंमत अशी, की त्या दुकानातला माल पुढे मोठमोठ्या संग्रहालयांनी जपून ठेवला. बाजार आपली थट्टाही विकत घेतो! म्हणून ती थट्टा फुकट गेली का? मला तसं वाटत नाही. शिक्षकबंधूंनी मुलांना मातीची एखादी वस्तू करायला सांगावी, तिला किंमत लावू द्यावी, आणि विचारावं, ही किंमत कशाची? उत्तर शोधताना वर्ग आपोआप बोलू लागेल.