निकाल लागला, आणि पाचजणी तुरुंगात गेल्या

नगरपालिकेच्या निवडणुकीचा निकाल लागला, की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात तो लांबलचक तक्ता छापून येतो. वॉर्ड अमुक, उमेदवार तमुक, मते इतकी. खरं सांगा, तुमच्यापैकी कितीजणी तो तक्ता वाचतात? आपल्या वॉर्डातून कोण आलं एवढं पाहायचं आणि पान उलटायचं, असंच बहुतेकींचं होतं. दोष कुणाचाच नाही. तो तक्ता असतोच इतका रुक्ष, की त्याचा आणि आपल्या स्वयंपाकघराचा काही संबंध असेल असं मनातसुद्धा येत नाही.

पण असतो, बरं का! फार जवळचा असतो. शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या एका गरीब वस्तीतल्या बायकांना तो नेमका कळला होता. त्यांची ही हकिगत.

लंडनच्या पूर्वेला, थेम्स नदीच्या काठी पॉप्लर नावाचा भाग आहे. त्या काळी लंडन शहराचे २८ ‘बरो’ होते, म्हणजे आपल्याकडच्या नगरपालिकेसारखे स्वतंत्र विभाग. प्रत्येकाची कौन्सिल वेगळी, घरपट्टी वेगळी. पॉप्लर त्यातलाच एक. आजूबाजूला जहाजांच्या गोद्या, रेल्वे आणि कारखाने. गोदीतलं काम बहुधा रोजंदारीचं. पुरुषमाणसांनी सकाळी फाटकाशी जाऊन उभं राहायचं. नाव पुकारलं तर त्या दिवशी काम, नाहीतर हात हलवत घरी परत. अशा घरात आठवड्याचा बाजार कसा भरायचा, हे त्या घरच्या बाईलाच ठाऊक!

४२ पैकी ३९

पहिलं महायुद्ध संपलं आणि नोव्हेंबर १९१९ मध्ये बरोच्या निवडणुका झाल्या. पॉप्लरच्या कौन्सिलमध्ये ४२ जागा होत्या. निकाल लागला, तेव्हा त्यांपैकी ३९ जागा मजूर पक्षाला मिळाल्या होत्या. आतापर्यंत कौन्सिलमध्ये बसायचे ते बहुतेक दुकानदार, व्यापारी, घरमालक. आता तिथं गोदी कामगार आणि रेल्वेवाले बसले. आणि त्यांच्या बरोबरीनं बायकाही बसल्या.

या निकालातली आणखी एक गोष्ट आपल्या दृष्टीनं मोलाची आहे. स्थानिक निवडणुकीत घरपट्टी भरणाऱ्या विधवांना आणि अविवाहित स्त्रियांना मत आधीपासून होतं. लग्न झालेल्या बाईला मात्र बहुधा नसे. घरपट्टी नवऱ्याच्या नावावर, तेव्हा मतही नवऱ्याचं! १९१८ च्या कायद्यानं हे बदललं. नवरा मतदार असेल, तर तीस वर्षांवरच्या त्याच्या बायकोलाही मत मिळालं. म्हणजे संसार चालवणाऱ्या हजारो बायकांनी बरोच्या निवडणुकीत पहिल्यांदा मत टाकलं, ते याच वेळी.

निवडून आलेल्यांनी केलं काय? बायका आणि लहान मुलांच्या आरोग्यावर खर्च वाढवला. घरं बांधायला घेतली. आणि १९२० मध्ये ठरवलं, की कौन्सिलच्या नोकरीत असलेल्या कुणालाही आठवड्याला चार पौंडांपेक्षा कमी पगार द्यायचा नाही. पुरुषाला जेवढा किमान पगार, तेवढाच बाईला. आजसुद्धा कित्येक ठिकाणी बायकांना सारख्या कामाचे सारखे पैसे मिळत नाहीत. तिथं १९२० साल!

घरपट्टीचं गणित

पण पैसा येणार कुठून? खरी मेख इथंच होती.

असं समजा, एका मोठ्या एकत्र कुटुंबात भाऊ वेगवेगळ्या बिऱ्हाडांत राहतात. दिवाबत्ती, राखणदार, पाणी हा सामाईक खर्च. त्यात प्रत्येकानं ऐपतीप्रमाणे वाटा घालायचा. इथवर ठीक. पण दुखण्याखुपण्याचा खर्च मात्र ज्याचा त्यानं करायचा. आता एका भावाची कमाई भरपूर आणि घरात कुणी आजारी नाही. दुसऱ्याची कमाई तुटपुंजी आणि अंथरुणाला खिळलेली माणसं त्याच्याच घरात. नियम वरवर सारखाच, पण त्याखाली भरडला जातो तो गरीब भाऊच!

लंडनमध्ये हेच चाललं होतं. बेकारांना आणि निराधारांना मदत द्यायची, ती त्या त्या भागाच्या घरपट्टीतून. वेस्टमिन्स्टरसारख्या श्रीमंत भागात बेकार थोडे, आणि मोठमोठ्या इमारतींमुळे घरपट्टीत एक पेनी वाढवली, तरी जमणारी रक्कम पॉप्लरपेक्षा कितीतरी पट. पॉप्लरमध्ये बेकार जास्त, घरं लहान, उत्पन्न थोडं. १९२० च्या अखेरीपासून बेकारी भडकली आणि मदतीचा खर्च पेलेनासा झाला. घरपट्टी वाढवावी, तर घरमालक ती भाडेकरूच्या भाड्यातूनच वसूल करणार. म्हणजे एका बेकाराच्या चुलीसाठी दुसऱ्या गरिबाच्या चुलीतलं लाकूड ओढायचं!

म्हणून मार्च १९२१ मध्ये पॉप्लर कौन्सिलनं एक धाडसी ठराव केला. लंडनच्या सामाईक संस्थांसाठी, म्हणजे लंडन काउंटी कौन्सिल, पोलीस, पाणीपुरवठा मंडळ आणि इस्पितळं चालवणारं मंडळ यांच्यासाठी जी रक्कम घरपट्टीतून गोळा करून द्यावी लागे, ती या वर्षी गोळाच करायची नाही. गरिबांच्या मदतीचा भार साऱ्या लंडननं वाटून घ्यावा, ही त्यांची मागणी होती. तोवर सामाईक पेटीत पॉप्लरचा वाटा पडणार नव्हता.

प्रकरण न्यायालयात गेलं. २९ जुलै १९२१ ला कौन्सिलचे सभासद पॉप्लरहून उच्च न्यायालयाकडे मिरवणुकीनं चालत निघाले. आम्ही न्यायालयात चाललो आहोत आणि कदाचित तुरुंगात जाऊ, असं त्यांनी फलकावर आधीच लिहून ठेवलं होतं. झालंही तसंच. सप्टेंबरच्या सुरुवातीला न्यायालयाचा हुकूम मोडला म्हणून ३० सभासदांना अटक झाली. पंचवीस पुरुष ब्रिक्स्टनच्या तुरुंगात, आणि पाच बायका हॉलोवेच्या तुरुंगात.

त्या पाचजणी

या पाचजणी एकमेकींपासून किती वेगळ्या होत्या पाहा.

सुझन लॉरेन्स या सधन घरातल्या, उच्चशिक्षित. आधी त्या विरुद्ध बाजूच्या, म्हणजे हुजूर पक्षाच्या होत्या. शाळांमध्ये झाडलोट करणाऱ्या बायकांना किती कमी पगारात राबवून घेतलं जातं हे त्यांनी पाहिलं आणि पक्ष बदलला. ज्युलिया स्कर या तिथल्या गरीब बायकांसाठी वर्षानुवर्षं झटत होत्या. १९१४ मध्ये पूर्व लंडनच्या कामकरी बायकांचं शिष्टमंडळ पंतप्रधानांना भेटलं, त्यात त्या पुढे होत्या. जेनी मकाय याही कौन्सिलच्या सभासद.

मिनी लॅन्सबरी ही शिक्षिका. वय अवघं बत्तीस. पॉप्लरचे पुढारी जॉर्ज लॅन्सबरी यांची ती सून. सासरे ब्रिक्स्टनला, सून हॉलोवेला!

आणि नेली क्रेसल. एके काळी लाँड्रीत काम केलेली, लेकुरवाळी, आणि अटकेच्या वेळी पुन्हा गरोदर. पोट दिसत असताना ही बाई तुरुंगाच्या दारातून आत गेली. सरकारची पंचाईत झाली. तुरुंगात काही बरंवाईट झालं असतं, तर लोकांना तोंड दाखवायला जागा उरली नसती. अखेर इतरांच्या आधीच तिला सोडून देणं भाग पडलं.

कौन्सिलचं काम मात्र थांबलं नाही. अधिकाऱ्यांना परवानगी द्यावी लागली आणि ब्रिक्स्टनच्या तुरुंगातच कौन्सिलच्या सभा भरू लागल्या. त्यासाठी बायकांना हॉलोवेहून तिथं नेण्यात येई. बाहेर लोक जमत आणि जॉर्ज लॅन्सबरी खिडकीच्या गजांतून त्यांच्याशी बोलत.

शेजारच्या बेथनल ग्रीन आणि स्टेपनी या बरोंनीही पॉप्लरच्या पावलावर पाऊल टाकायचं ठरवलं, तेव्हा सरकारचे डोळे उघडले. १२ ऑक्टोबर १९२१ ला सगळ्यांची सुटका झाली. त्याच वर्षी कायदा झाला आणि गरिबांच्या मदतीचा मोठा भार साऱ्या लंडनवर वाटला गेला. श्रीमंत भावाला गरीब भावाच्या दुखण्याचे पैसे द्यावे लागले.

विजयाची किंमत

तुम्ही म्हणाल, कायदा मोडणं बरोबर होतं का? हा प्रश्न तेव्हाही पुष्कळांनी विचारला होता. त्यांच्याच पक्षाचे, हॅकनी बरोचे मेयर हर्बर्ट मॉरिसन यांना हा मार्ग पसंत नव्हता. आपण कायदा मोडला तर उद्या दुसरेही मोडतील, हे म्हणणं काही चूक नाही. पण पॉप्लरच्या लोकांनी लपूनछपून काही केलं नाही. काय करतो ते उघड सांगितलं आणि शिक्षाही भोगली. दोन्ही बाजू मनात ठेवूनच आपण आपलं मत बनवावं.

आणि किंमत? ती घरच्यांनी मोजली. सुटून आल्यावर तीन महिनेही झाले नाहीत, तोच मिनी लॅन्सबरीला न्यूमोनिया झाला. १ जानेवारी १९२२ ला ती गेली. तुरुंगवासानं तिची प्रकृती खचली होती, असं तिच्या लोकांचं म्हणणं होतं. तिच्या अंत्ययात्रेला हजारो माणसं लोटली. बो रोडवरच्या एका इमारतीवर तिच्या आठवणीसाठी घड्याळ लावण्यात आलं.

१९२२ च्या नोव्हेंबरमध्ये पुन्हा निवडणूक झाली. लंडनमध्ये इतरत्र मजूर पक्षाची पीछेहाट झाली, पण पॉप्लरच्या मतदारांनी कौन्सिल पुन्हा त्यांच्याच हाती दिली. घरपट्टीचा हिशेब त्यांना बरोबर समजला होता.

मात्र सगळंच साधलं असं नाही. चार पौंडांच्या पगाराचं प्रकरण वरच्या न्यायालयात गेलं आणि १९२५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं तो पगार बेकायदा ठरवला. सरकारी हिशेबतपासनिसानं सभासदांवर दंडही बसवला होता. निकाल देताना एका न्यायमूर्तींनी बायकांना पुरुषांइतका पगार देण्याच्या कल्पनेवरही टीका केली. ब्रिटनमध्ये समान वेतनाचा कायदा झाला तो १९७० मध्ये, म्हणजे पन्नास वर्षांनी!

पण पाचजणींचं काम वाया गेलं नाही. सुझन लॉरेन्स १९२३ मध्ये पार्लमेंटमध्ये निवडून आल्या. मजूर पक्षाच्या पहिल्या तीन महिला खासदारांपैकी त्या एक. आणि नेली क्रेसल, ती लाँड्रीतली, तुरुंगात गरोदरपणी गेलेली, १९४३ मध्ये पॉप्लरची मेयर झाली. त्या खुर्चीवर बसलेली पहिली स्त्री!

तक्ता कसा वाचावा?

पुढच्या खेपेला निकालाचा तक्ता आला, तर पान लगेच उलटू नका. भाजीवाल्याचा हिशेब जितक्या बारकाईनं पाहता, तितक्याच बारकाईनं तो पाहा. निवडून आलेली माणसं कोणत्या वस्तीतली आहेत? त्यांत बायका किती, आणि त्या स्वतःच्या मतानं बोलणाऱ्या आहेत का? घरपट्टी, पाणीपट्टी वाढवायची वेळ आली, तर ती कुणाच्या घरावर जास्त पडणार? आणि त्या पैशातून बाळंतिणींच्या, मुलांच्या वाट्याला काय येणार?

एवढे प्रश्न मनात धरून वर्षभर उत्तरांची वाट पाहा. वर्षाच्या शेवटी नगरपालिकेचं अंदाजपत्रक छापून येतं, तेही नजरेखालून घाला. निकालाच्या दिवशी फक्त माणसं कळतात. ती आपली आहेत की नाहीत, हे कळतं ते पैसे कुठं गेले त्यावरून. आणि पैसे कुठं गेले हे शोधून काढण्यात गृहिणीचा हात कुणी धरू शकेल का?