गोळी केसांची, वाट मेंदूची

कंगव्यात केस अडकायला लागले की कट्ट्यावर सल्ले सुरू. कांद्याचा रस लाव, तेल बदल... आणि मग कुणीतरी हळूच सांगतं, 'फिनास्टेराइड घे ना, मीही घेतोय.' गोळी अनेकांना लागू पडते, हे खरं. पण ती करते काय, हे किती जणांना ठाऊक असतं?

आपल्या शरीरात ५-अल्फा रिडक्टेज नावाचं एन्झाइम असतं. ते टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी हे अधिक जोरकस हार्मोन बनवतं. आनुवंशिक टक्कल पडणाऱ्यांच्या केसांची मुळं या डीएचटीमुळेच बारीक होत जातात. फिनास्टेराइड हे कृत्रिम स्टेरॉइड. त्याची घडण हार्मोनसारखीच, त्यामुळे एन्झाइम फसतं, त्यालाच धरून बसतं आणि त्याचं नेहमीचं काम अडतं. अमेरिकेत १९९२ मध्ये ते प्रोस्टेटच्या वाढीवर, तर १९९७ मध्ये १ मिलिग्रॅमची गोळी पुरुषांच्या टकलावर मंजूर झाली.

आता खरी मेख. हेच एन्झाइम मेंदूतही असतं. तिथे ते प्रोजेस्टेरॉनवर पहिला हात फिरवतं, पुढचं एन्झाइम त्यातून ॲलोप्रेग्नॅनोलोन तयार करतं. नाव विसरलात तरी चालेल, काम लक्षात ठेवा: ते 'गाबा' रिसेप्टरचा परिणाम वाढवून मेंदूला शांत करतं. २०१९ मध्ये अमेरिकेत बाळंतपणानंतरच्या नैराश्यावर हेच रसायन औषध म्हणून मंजूर झालं, यावरून त्याचं वजन कळावं.

मग गोळी घेणारा प्रत्येक जण उदास होतो का? नाही. या एन्झाइमचे दोन मुख्य प्रकार आहेत. माणसाच्या मेंदूत पहिला जास्त आढळतो आणि फिनास्टेराइडचा जोर दुसऱ्यावर असतो. म्हणून अनेकांना काहीच जाणवत नाही. तरीही २०२५ मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेने आत्महत्येचे विचार हा या गोळीचा दुष्परिणाम असल्याचं मान्य केलं. फायदे धोक्यापेक्षा जास्तच आहेत, असंही तिने सांगितलं. म्हणजे घाबरायचं नाही, पण गाफीलही राहायचं नाही.

तेव्हा मित्राच्या पाकिटातली गोळी उचलू नका. त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि आधी कधी नैराश्य आलं असेल तर लाजू नका, स्पष्ट सांगा. गोळी सुरू असताना मन विनाकारण खचू लागलं, तर ती थांबवून लगेच डॉक्टरांना गाठा. घरच्यांनाही कल्पना देऊन ठेवा. मूड बदललाय हे कधीकधी आपल्याआधी त्यांनाच कळतं.