पेन ड्राइव्हची पारख व निगा

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या रावेर, यावल व चोपडा या तालुक्यांत उन्हाळ्याच्या अखेरीस वादळी वारा सुटला म्हणजे घडांनी लगडलेली केळीची बाग घटकाभरात आडवी होते. पंचनामा होईपर्यंत पडलेली झाडे तशीच राहतील याचा भरवसा नसतो. यास्तव बागाईतदार त्याच दिवशी मोबाइलने छायाचित्रे घेऊन ठेवतो. ती छायाचित्रे, रोपांची पावती, ठिबक संचाचे बिल, सातबाराचा उतारा असे सर्व दप्तर आता करंगळीएवढ्या पेन ड्राइव्हमध्ये मावते. परंतु तालुक्याच्या गावी संगणकाला तो जोडल्यावर पडद्यावर काहीच उमटले नाही, तर शेतकऱ्याची खेप तर फुकट जातेच, शिवाय पुरावाही हातचा जाण्याची भीती असते.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळू लागला असून, तो हरवल्यास शासनाच्या संकेतस्थळावरून पुन्हा काढता येतो. पडलेल्या बागेचे छायाचित्र मात्र पुन्हा घेता येत नाही. तीच गोष्ट साक्रीच्या कांदा उत्पादकाने तीन वर्षे लिहून ठेवलेल्या खर्चाच्या हिशेबाची. ज्याची दुसरी प्रत कोठेच नाही, त्याचीच काळजी प्रथम केली पाहिजे.

या साधनाच्या पोटात फिरणारा असा एकही भाग नसतो. सिलिकॉनच्या चकतीवर अतिसूक्ष्म कोशिका असतात व त्यांत कोंडलेल्या विद्युत्भाराच्या रूपाने मजकूर साठविला जातो. ही स्मृती जपानमधील फुजिओ मासुओका यांनी १९८० नंतरच्या दशकात तोशिबा कंपनीत असताना शोधून काढली. ती संगणकाला जोडणारी 'यूएसबी' पद्धत १९९६ साली जाहीर झाली. त्या कामात इंटेल कंपनीतील अजय भट्ट हे अग्रभागी होते. ते खानदेशाच्या शेजारच्याच गुजरातेतील, बडोद्याचे. दोहोंचा मिलाफ होऊन पेन ड्राइव्ह २००० च्या सुमारास बाजारात आला, त्या वेळी त्यात जेमतेम ८ एमबी मजकूर मावत असे. स्मृतीच्या चकतीबरोबर आत एक नियंत्रक चकतीही असते. संगणकाशी बोलणारी तीच, आणि फसवणूक होते तीही तिच्याच द्वारा.

बोगस कपाशी बियाण्याचा अनुभव जळगाव व धुळे जिल्ह्यांतील शेतकऱ्यांना नवा नाही. पाकीट नामांकित, छपाई हुबेहूब, आतील सरकी मात्र भलतीच. पेन ड्राइव्हच्या बाबतीत हाच प्रकार अधिक चतुराईने केला जातो. आत ८ जीबीची चकती बसवून नियंत्रकाला '५१२ जीबी' असे सांगण्यास शिकविलेले असते. संगणक तो आकडा खरा मानतो. पहिले ८ जीबी व्यवस्थित साठतात; त्यापुढील मजकूर मात्र एकतर आधीच्या मजकुरावर लिहिला जातो अथवा कोठेच लिहिला जात नाही. फाइलींची नावे यादीत दिसत राहतात आणि उघडावयास गेल्यावर आत काहीही नसते. पुष्कळांना ही फसवणूक कित्येक महिन्यांनी, नेमकी गरजेच्या वेळी कळून येते. आठवडे बाजारात किंवा मोबाइलवरील जाहिरातीत अवाच्या सवा साठा कवडीमोलाने मिळत असेल, तर तो घेऊ नये हेच बरे.

याउलट, ६४ जीबीच्या नव्या पेन ड्राइव्हवर संगणक ५९ च्या आसपास आकडा दाखवितो, यात मात्र लबाडी नाही. कारखानदार एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतो व विंडोज त्याहून मोठे माप लावते, म्हणून हा फरक पडतो. ३२ चे सुमारे २९.८ दिसतात. यावरून दुकानदाराशी वाद घालण्यात अर्थ नाही.

पेरणीपूर्वी सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासण्याची रीत आहे. नव्या पेन ड्राइव्हचीही अशीच चाचणी, त्यात महत्त्वाचे काही ठेवण्यापूर्वी, घेतली पाहिजे. त्यासाठी विंडोजवर 'एच-टू-टेस्ट-डब्ल्यू' व लिनक्सवर 'एफ-थ्री' हे विनामूल्य प्रोग्राम आहेत. ते रिकामा पेन ड्राइव्ह पूर्ण भरतात, मग लिहिलेले सर्व परत वाचून ताडून पाहतात. मंद गतीच्या ६४ जीबी साधनास या कामी दोन-तीन तास लागू शकतात. सबब वीज जाण्याची वेळ पाहूनच चाचणी सुरू करावी. प्रोग्राम मिळविणे न जमल्यास मोठमोठ्या चित्रफिती टाकून जागा काठोकाठ भरावी, पेन ड्राइव्ह काढून पुन्हा लावावा व पहिली, मधली आणि शेवटची चित्रफीत शेवटपर्यंत चालवून पाहावी. ही चाचणी ढोबळ खरी, पण बहुतेक बोगस माल तीतही उघडा पडतो. खरेदीचे पक्के बिल व वेष्टन मात्र जपून ठेवावे. हमीची मुदत त्यावरूनच मोजली जाते आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याची वेळ आलीच तर तेच कामास येते.

आता मूळ अडचणीकडे वळावे. पेन ड्राइव्ह ओळखला जात नाही असे दिसताच तो बिघडला, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. कित्येकदा दोष संगणकाच्या खाचेत असतो. टेबलावरील संगणकाच्या पुढील खाचा आतून तारेने जोडलेल्या असतात व त्या सैल पडतात. पाठीमागील खाचा मुख्य फलकावरच असतात. म्हणून प्रथम मागील खाचेत, नंतर दुसऱ्या संगणकावर लावून पाहावे. मध्ये जोडपट्टी असल्यास ती काढून टाकावी. जिनिंगच्या आवारातील कार्यालयांत कपाशीचे तंतू व धूळ खाचेत बसतात. कोरड्या कुंचल्याने ती झाडावी, पाण्याचा किंवा ओल्या फडक्याचा स्पर्श होऊ देऊ नये. मोबाइलला जोडताना काही फोनमध्ये 'ओटीजी' ही सोय सेटिंगमधून आधी चालू करावी लागते.

एवढ्याने भागले नाही, तर विंडोजमधील 'डिस्क मॅनेजमेंट' उघडावे. तेथे पेन ड्राइव्ह दिसतो, परंतु त्यास अक्षर दिलेले नाही, असे पुष्कळदा आढळते. नाव दाबून 'चेंज ड्राइव्ह लेटर' या मार्गाने मोकळे अक्षर दिले की काम होते. 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये त्याच्या नावापुढे पिवळा त्रिकोण असेल, तर 'अनइन्स्टॉल' करून पेन ड्राइव्ह काढावा व संगणक पुन्हा सुरू करून मगच लावावा. 'रॉ' असा शब्द दिसल्यास मांडणी बिघडली असे समजावे. या वेळी संगणक 'फॉरमॅट करू का?' असे विचारतो. त्यास नकार द्यावा. घाईने होकार दिल्यामुळे असलेली छायाचित्रेही हातची जाण्याचा धोका असतो. 'फोटोरेक' किंवा 'टेस्टडिस्क' या विनामूल्य प्रोग्रामनी आतील फाइली आधी संगणकात उतरवून घ्याव्यात आणि त्यानंतरच फॉरमॅट करावे. 'नो मीडिया' असे दिसले, तर नियंत्रक जिवंत असून स्मृतीची चकती गेली आहे, असे बहुधा समजावे. त्यावर घरगुती उपाय नाही.

अनेकांचे पेन ड्राइव्ह ज्या संगणकांना लागतात, तेथून आणखी एक उपद्रव येतो. सर्व फोल्डर नाहीसे होऊन त्यांच्या जागी त्याच नावांचे 'शॉर्टकट' दिसू लागतात. हा विषाणूचा प्रताप होय. मूळ फाइली बहुधा शाबूत असतात, केवळ लपविलेल्या असतात. शॉर्टकटवर टिचकी मारू नये, कारण त्यानेच विषाणू पुढील संगणकात शिरतो. 'व्ह्यू' विभागातून लपलेल्या फाइली उघड कराव्यात, त्या दुसरीकडे उतरवाव्यात व विषाणूरोधक प्रोग्रामने साधन साफ करावे. केंद्र शासनाच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर अशी साधने विनामूल्य मिळतात.

ट्रॅक्टरवरील टेपसंचाची तक्रार निराळीच. अहिराणी गाण्यांनी भरलेला पेन ड्राइव्ह संगणकावर वाजतो, ट्रॅक्टरवर मात्र मुका राहतो. असे संच बहुधा 'फॅट ३२' हीच मांडणी ओळखतात. विंडोजच्या नेहमीच्या खिडकीतून ३२ जीबीपेक्षा मोठ्या साधनावर ती सहसा करता येत नाही. म्हणून गाण्यांसाठी १६ किंवा ३२ जीबीचा स्वतंत्र पेन ड्राइव्ह घेणे सोयीचे. बागेची छायाचित्रे त्यात ठेवू नयेत. जळगावला मे महिन्यात पारा कधीकधी ४५ अंशांवर जातो आणि उन्हात उभ्या ट्रॅक्टरवर त्याहून किती तरी अधिक ताप होतो. कोंडलेला विद्युत्भार कालांतराने झिरपतच असतो. उष्णतेने ते झिरपणे वाढते. वर्षानुवर्षे न वापरता पेटीत ठेवलेल्या पेन ड्राइव्हचीही हीच गत होऊ शकते.

लिहिणे चालू असताना वीज गेली किंवा साधन ओढून काढले, तर मांडणी बिघडते. म्हणून 'इजेक्ट' करूनच ते काढण्याची सवय ठेवावी. छायाचित्रांची एक प्रत पेन ड्राइव्हमध्ये, दुसरी घरच्या संगणकात वा मुलाच्या मोबाइलमध्ये व शक्य झाल्यास तिसरी ई-मेलवर असावी. मूळ फोनमधील छायाचित्रे दावा निकाली निघेपर्यंत पुसू नयेत. तारीख व ठिकाणाची नोंद मूळ फाइलीतच असते, आणि व्हॉट्सॲपवरून छायाचित्र म्हणून पाठविलेल्या प्रतीतून ती बहुधा गळून जाते.