गटारांचं कर्ज

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात बर्मिंगहॅम शहराच्या कडेने काहाबा नदी वाहते. मे-जूनमध्ये तिच्या खडकाळ पात्रात पांढऱ्या लिली फुलतात आणि त्या बघायला लोक लांबून येतात. शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा वाटाही याच नदीचा. आणि मोठा पाऊस झाला की याच नदीत मैला यायचा. जमिनीखालच्या जुन्या, तडकलेल्या वाहिन्यांत पावसाचं पाणी घुसायचं, शुद्धीकरण केंद्रांना तो लोंढा पेलायचा नाही, आणि मग आलेलं सगळं तसंच नदीत सोडून दिलं जायचं. १९९३ साली काही नागरिक आणि नदीप्रेमी कोर्टात गेले. पाठोपाठ केंद्राची पर्यावरण संरक्षण संस्थाही त्यांच्या बाजूने उभी राहिली. १९९६च्या डिसेंबरात जेफर्सन काउंटीने न्यायालयात तडजोडनामा मान्य केला: नदीत मैला सोडणं थांबवू, आणि त्यासाठी हद्दीतल्या २१ गावा-शहरांच्या मैलावाहिन्या स्वतःच्या ताब्यात घेऊन दुरुस्त करू.

पंधरा वर्षांनी, ९ नोव्हेंबर २०११ रोजी, याच काउंटीने दिवाळखोरीचा अर्ज केला. डोक्यावर कर्ज होतं सुमारे ४२० कोटी डॉलर. (आकडा आपल्या ओळखीचा निघाला, हा योगायोग.) त्यातले ३१४ कोटींच्या आसपास एकट्या गटारांचे. अमेरिकेतल्या कुठल्याही स्थानिक संस्थेने तोवर एवढी मोठी दिवाळखोरी मागितली नव्हती. २०१३ मध्ये डेट्रॉइट शहराने हा विक्रम मोडला.

ही कथा बहुधा लाचखोरीची म्हणून सांगितली जाते. लाचखोरी होतीच, आणि चवीने सांगण्यासारखी होती. पण कागद वाचत गेलं की माझी नजर लाच घेणाऱ्यांवरून हटते आणि एका साध्या व्यवस्थेवर जाऊन थांबते. या काउंटीच्या निवडून आलेल्या मंडळींना लोकांना न विचारता शेकडो कोटी डॉलरचं कर्ज काढता येत होतं, पण राज्याला विचारल्याशिवाय एका सेंटचा नवा कर लावता येत नव्हता.

काउंटी म्हणजे आपली जिल्हा परिषद आणि जिल्हाधिकारी कचेरी यांची सरमिसळ समजावी. रस्ते, तुरुंग, कोर्टाच्या इमारती, मालमत्ता कराची वसुली, मोटारींची नोंदणी, गरिबांचं रुग्णालय असं सगळं तिच्याकडे. जेफर्सन काउंटीची वस्ती साडेसहा लाखांच्या घरात. कारभार पाच कमिशनरांच्या मंडळाकडे. पाचही जण आपापल्या मतदारसंघातून निवडून येतात. शिवाय त्या काळी एकेक कमिशनर एकेका खात्याचा प्रमुखही असे. ठरावाला मत देणारा तोच, कंत्राटदाराशी बोलणारा तोच.

बर्मिंगहॅमचा जन्म १८७१चा. लोहखनिज, कोळसा आणि चुनखडी असे पोलादाला लागणारे तिन्ही जिन्नस इथे हाताशी होते, म्हणून हे शहर वसलं. आजही रेड माउंटनच्या टेकडीवर लोहारांचा देव व्हल्कन याचा ५६ फुटी ओतीव लोखंडाचा पुतळा उभा आहे. पोलादाचे दिवस सरले तसे खाऊनपिऊन सुखी गोरे लोक टेकडीपलीकडच्या उपनगरांत गेले, आणि जुन्या शहरात जुन्या वाहिन्या आणि बहुसंख्य काळी, गरीब वस्ती मागे राहिली. याचा गटारांच्या बिलाशी थेट संबंध आहे. काउंटीच्या मैलावाहिनीला जोडलेली खाती होती दीड लाखाच्या आतबाहेर. ज्यांच्या अंगणात सेप्टिक टँक, त्यांना हे बिल येतच नव्हतं. सगळ्या काउंटीची नदी साफ करायचा खर्च तेवढ्या दीड लाखांच्या माथी बसला. दर खात्यामागे कर्ज वीस हजार डॉलरच्या वर.

खोदकाम सुरू झालं तसे कंत्राटदार आले, आणि कंत्राटदारांबरोबर जे यायचं तेही आलं. मैलावाहिन्यांचं खातं होतं ख्रिस मॅकनेअर यांच्याकडे. १५ सप्टेंबर १९६३ रोजी बर्मिंगहॅमच्या सोळाव्या रस्त्यावरच्या बाप्टिस्ट चर्चमध्ये गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांनी बाँबस्फोट केला. त्यात चार मुली मेल्या. त्यातली अकरा वर्षांची डेनिस ही मॅकनेअर यांची मुलगी. मॅकनेअर व्यवसायाने छायाचित्रकार. पुढे ते अलाबामाच्या विधिमंडळात निवडून आले, मग काउंटीवर आले. शहरात त्यांच्याबद्दल केवढा आदर होता ते सांगायला नको. २००६ मध्ये ते लाचखोरीत दोषी ठरले. गटारांच्या ठेकेदारांनी त्यांच्या स्टुडिओचं नूतनीकरण करून दिलं होतं. पंच्याऐंशीच्या घरात असताना ते तुरुंगात गेले, आणि २०१३ मध्ये वयाकडे आणि प्रकृतीकडे बघून त्यांना सोडण्यात आलं. या माणसाबद्दल एका वाक्यात निवाडा देणं मला जमत नाही. या सगळ्या प्रकरणात कमिशनर, अधिकारी, ठेकेदार मिळून वीसहून अधिक जणांना शिक्षा झाल्या. एका कमिशनरबाईंनी न्यूयॉर्कच्या दौऱ्यात बँकवाल्यांच्या पैशाने घेतलेली पर्स आणि बूट यांबाबत चौकशीत खोटं सांगितल्याचं कबूल केलं.

आता कर्जाचं. अलाबामाच्या घटनेप्रमाणे काउंटीला रीतसर कर्जरोखे काढायचे तर जनतेचं मत घ्यावं लागतं. 'वॉरंट' नावाच्या वचनचिठ्ठीला मात्र ते लागत नाही. व्यवहारात दोन्हींत फारसा फरक नाही: पैसे आज घ्यायचे, व्याजासकट पुढे फेडायचे. गटारांचं सगळं कर्ज वॉरंटांवर उभं राहिलं. पाचांपैकी तिघांचे हात वर गेले की काम झालं. १९९७ पासून काढलेलं हे कर्ज बहुतांशी स्थिर व्याजाचं होतं. दर चढवत चढवत ते फेडणं अवघड होतं, पण निदान किती फेडायचं आहे हे तरी ठाऊक होतं.

२००२ मध्ये लॅरी लँगफर्ड मंडळाचे अध्यक्ष झाले. उंची सूट, फर्डं बोलणं, दर महिन्याला एक भव्य योजना. पुढे बर्मिंगहॅमचे महापौर झाल्यावर त्यांनी शहरावरचं संकट टळावं म्हणून प्रार्थनासभा भरवून पाद्र्यांना गोणपाटं वाटली होती, आणि शहरात ऑलिम्पिक भरवण्याच्या गोष्टीही केल्या होत्या. त्याच सुमारास, २००२-०३ मध्ये, जेपी मॉर्गन बँकेच्या पुढाकाराने सुमारे तीनशे कोटींचं कर्ज फिरवण्यात आलं. स्थिर व्याज गेलं आणि बदलतं आलं. बराचसा भाग तर असा की त्याचा दर दर काही आठवड्यांनी लिलावात ठरायचा. फ्लोटिंग दराने घर घेतलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. दर चढलाच तर काय, म्हणून त्यावर 'स्वॅप'चे करार: काउंटीने बँकेला ठरलेलं व्याज द्यायचं, बँकेने काउंटीला बदलतं व्याज द्यायचं, म्हणजे दोन्ही बाजू बरोबर. पण बँक देणार तो दर एका निर्देशांकाला बांधलेला, आणि काउंटी आपल्या धनकोंना देणार तो दर लिलावावर अवलंबून. दोन्ही एकत्र चालतील, या भरवशावर सगळा डोलारा. प्रत्येक करारामागे दलाली होतीच. आपल्याकडे पुणे महापालिकेने २०१७ मध्ये पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटी रुपयांचे रोखे काढले, दहा वर्षांचे, ७.५९ टक्क्यांचे. त्याचा हिशेब शाळकरी मुलालाही मांडता येईल. जेफर्सनचा हिशेब खुद्द कमिशनरांनाही मांडता आला असता असं वाटत नाही.

अमेरिकेच्या रोखे नियामकाने पुढे सांगितलं त्यानुसार, हे काम मिळावं म्हणून जेपी मॉर्गनने कमिशनरांच्या जवळच्या मंडळींच्या फर्मना ८० लाख डॉलरहून अधिक रक्कम गुपचूप दिली. स्पर्धेतल्या गोल्डमन सॅक्सने बाजूला राहावं म्हणून तिलाही ३० लाख. अशाच एका फर्मचे मालक, लँगफर्ड यांचे मित्र बिल ब्लाउंट यांनी त्यांची कर्जं फेडली, कपडे घेऊन दिले, रोलेक्स घड्याळ दिलं. सगळं मिळून अडीच लाख डॉलरच्या आसपास. ऑक्टोबर २००९ मध्ये लँगफर्ड सर्वच्या सर्व ६० आरोपांत दोषी ठरले आणि पुढच्या वर्षी त्यांना १५ वर्षांची सजा झाली. जेपी मॉर्गनने दोष कबूल वा नाकबूल न करता तडजोड केली: अडीच कोटी दंड, पाच कोटी काउंटीला, आणि स्वॅप मोडण्यापोटी काउंटीकडून येणं असलेल्या ६४.७ कोटींवर पाणी. अडीच लाखांच्या लाचेपुढे हे आकडे ठेवून बघावेत.

२००८च्या सुरुवातीला या कर्जाला विमा देणाऱ्या कंपन्या घरकर्जांच्या बाजारात पोळल्या आणि त्यांची पत घसरली. लिलावात कोणी बोली लावेना. काउंटीला द्यावं लागणारं व्याज भडकलं, बँकेकडून येणारं उतरलं. शिवाय फेडीची मुदत आकसली: चाळीस वर्षांत द्यायचे ते चार-पाच वर्षांत द्या, अशी अवस्था. गटारांचं बिल तोवर तिपटीच्या वर गेलं होतं आणि ते आणखी चढवलं तर लोक भरणार नाहीत, अशी वेळ आली होती.

इथवर नुकसान गटारांच्या खात्याचं होतं. काउंटीचा रोजचा कारभार वेगळ्या पैशावर चालायचा, आणि त्या पैशाचं नाव व्यवसाय कर. पगारावर अर्धा टक्का. वकील, डॉक्टर अशा परवानाधारकांना त्यातून सूट, म्हणजे झाडूवाल्याने भरायचा आणि वकिलाने नाही. विधिमंडळाने हा कर १९९९ मध्येच रद्द केला होता, असा निकाल न्यायालयाने २००९ मध्ये दिला. काउंटीने सुमारे हजार कर्मचाऱ्यांना बिनपगारी घरी बसवलं. मोटारीचं टॅग घ्यायला कोर्टहाउसबाहेर तासन्‌तास रांगा लागल्या. विधिमंडळाने घाईने नवा कर मंजूर केला. मार्च २०११ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तोही उडवला, कारण विधेयकाची जाहीर नोटीस नीट छापलेली नव्हती! वर्षाला सहा-सात कोटी डॉलर गेले. तिसऱ्यांदा कर द्यावा, अशी विनवणी घेऊन कमिशनर राजधानी माँटगोमेरीला गेले. काउंटीतल्याच काही आमदारांनी तो अडवला.

एवढ्यासाठी माँटगोमेरीला का जावं लागतं, याचं उत्तर १९०१च्या राज्यघटनेत आहे. ती लिहिणाऱ्या परिषदेच्या अध्यक्षांनी उद्‌घाटनाच्या भाषणातच सांगून टाकलं होतं की गोऱ्यांचं वर्चस्व कायद्याच्या चौकटीत बसवायचं आहे. काळ्यांचा मताधिकार तर काढून घेतलाच. शिवाय काळ्यांची वस्ती जास्त असलेल्या काउंट्यांत उद्या त्यांची सत्ता आलीच, तर तिच्या हाती काही लागू नये म्हणून स्थानिक अधिकारही राजधानीत ठेवले. परिणामी एकेका काउंटीच्या किरकोळ बाबींसाठी घटनादुरुस्त्या होत गेल्या आणि त्यांची संख्या नऊशेच्या वर पोहोचली.

२०१० मध्ये न्यायालयाने मैलावाहिन्यांवर प्रशासक नेमला आणि दर ठरवण्याचा अधिकारही मंडळाच्या हातून जवळजवळ गेला. महाराष्ट्रातल्या वाचकाला याचं फार नवल वाटू नये. मार्च २०२२ पासून आपल्या कित्येक जिल्हा परिषदांची अंदाजपत्रकं सदस्यांविना, प्रशासकाच्या सहीने मंजूर होत आली. फरक एवढाच की तिथे धनको दारात उभे होते.

दिवाळखोरीचा ठराव चार विरुद्ध एक मतांनी झाला. त्याआधी आणि नंतर जे बंद पडलं ते सावकाश, तुकड्यातुकड्याने. उपनगरांतली चार उपकोर्टहाउसं बंद झाली. मग पाळी आली कूपर ग्रीन मर्सीची. विमा नसलेल्यांसाठी १९७२ पासून चालणारं हे काउंटीचं रुग्णालय. २०१२ साली मंडळाने तीन विरुद्ध दोन मतांनी तिथल्या खाटा बंद करायचा निर्णय घेतला, आणि वर्षअखेर तिथे रुग्ण भरती होणं थांबलं. बाह्यरुग्ण विभाग तेवढा चालू राहिला. निवडून आलेल्यांच्या हाती खरोखर उरलेला निर्णय हा असा होता: नवा पैसा आणता येत नाही, तर काय बंद करायचं ते ठरवा.

डिसेंबर २०१३ मध्ये काउंटी दिवाळखोरीतून बाहेर आली. सुमारे १८० कोटींचं नवं कर्ज काढून जुनं मिटवलं. उरलेल्यावर धनकोंनी पाणी सोडलं आणि त्यातला बराचसा भाग जेपी मॉर्गनने सोसला. त्याबदल्यात गटारांच्या दरात दरवर्षी वाढ ठरली आणि कर्जफेडीची मुदत २०५३ पर्यंत गेली. पुढे मंडळाने कबूल केलेली दरवाढ मोडू पाहिली, तर न्यायालयाने ती करून घ्यावी, अशी तरतूदही योजनेत होती. काही ग्राहक अपिलात गेले. लाच देऊन झालेल्या व्यवहारांचं कर्ज आम्ही का फेडावं, हा त्यांचा सवाल. ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने ते अपील फेटाळलं. नवे रोखे विकले गेले, लोकांनी विश्वासाने घेतले, आता मागे फिरता येणार नाही, असा निकालाचा आशय. व्यवहार खरा होता की खोटा, याच्या खोलात जायची गरजच उरली नाही.

नदी पूर्वीपेक्षा स्वच्छ आहे, हे नोंदवायला हवं. शेकडो कोटी डॉलर नुसते हवेत गेले नाहीत. २०११ मध्ये काउंटीने प्रथमच व्यावसायिक व्यवस्थापक नेमला आणि कमिशनरांच्या हातून खाती गेली. जानेवारी २०२४ मध्ये २२० कोटींच्या आसपासचं गटारांचं कर्ज पुन्हा नव्याने, बऱ्या अटींवर बांधून घेतलं. पतमापन संस्थांनी यावेळी चांगले शेरे दिले. त्याआधी, २०२२ मध्ये, अलाबामाच्या मतदारांनी घटनेचं नवं संकलन मंजूर करून तिच्यातली वंशद्वेषी भाषा काढून टाकली. नवीन कर लावायचा असेल तर जेफर्सन काउंटीच्या कमिशनरांना आजही माँटगोमेरीलाच जावं लागतं.